अ‍ॅप सांगतं थांबा, पीक मान टाकतं

या वेळची पाच पत्रं एकाच विषयाभोवती फिरतात: शेतातली माहिती जपायची कशी आणि तिच्या आधारावर निर्णय घ्यायचा कसा. मी वीसेक वर्षं याच कामात आहे. आधी शेताशेतातून किडी मोजत फिरायचे, पुढे रोगाचा अंदाज देणाऱ्या एका गटात आले. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, पाणी कधी द्यायचं ते सांगणारं अ‍ॅप यंदा घेतलं. ठिबकचं पाणी देतो त्याची नोंदही त्यात करतो. परवापासून अ‍ॅप म्हणतंय, अजून चार दिवस पाणी नको. पण टोमॅटोची झाडं सकाळी अकरालाच मान टाकतात. अ‍ॅपवर विश्वास ठेवू की डोळ्यांवर?

दोन्ही जरा बाजूला ठेवा आणि फावडं घेऊन शेतात जा. पाणी सोडण्याआधी जा, कारण मुळं कुजली असली तरी झाड असंच मान टाकतं आणि तेव्हा दिलेलं पाणी दुखणं वाढवतं.

तुमचं अ‍ॅप मातीत डोकावत नाही, ते हिशेब करतं. पाऊस आणि सिंचन जमा, जमिनीतून आणि पानांतून उडून जाणारं पाणी खर्च. खर्चाचा आकडा तापमान, आर्द्रता, वारा आणि ऊन यांवरून काढतात. त्याची पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९८ साली आपल्या ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेत मांडली आणि बहुतेक अ‍ॅपं तीच वापरतात. पद्धत भक्कम आहे. गडबड होते ती हिशेब सुरू करताना धरलेल्या आकड्यात: तुमच्या झाडाच्या मुळांना मातीचं भांडं किती मोठं मिळालंय?

समजा, तुमच्या जमिनीत एक मीटर खोलीत झाडाला घेता येईल असं १५० मिलिमीटर पाणी मावतं. अ‍ॅपने मुळं ६० सेंटिमीटर खोल धरली, म्हणजे ९० मिलिमीटर. हिशेबाला सोपं म्हणून त्यातलं निम्मं संपेपर्यंत थांबायचं ठरवलं, म्हणजे ४५. रोजचा खर्च ५ मिलिमीटर असेल तर पाणी नऊ दिवसांनी. आता मुळं प्रत्यक्षात ३० सेंटिमीटरवरच अडली असतील तर भांडं अर्धं झालं. हाताशी साडेबावीस मिलिमीटर, म्हणजे साडेचार दिवस. पाचव्या दिवशी झाड मान टाकतं आणि अ‍ॅप म्हणत राहतं, अजून चार दिवस. तुमचे चार दिवस इथूनच आले असावेत अशी मला दाट शंका आहे.

असा एक खड्डा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. वरची वीतभर माती भुसभुशीत, पांढऱ्या मुळांचं जाळं दाट. त्याखाली फावडं टणकन वाजलं. वर्षानुवर्षं एकाच खोलीवर नांगरट झालेली, फाळाखालची माती दबून तव्यासारखी झालेली. सोटमूळ तिथपर्यंत सरळ उतरलं होतं आणि तिथे काटकोनात आडवं वळलं होतं. अ‍ॅपमधला ६० सेंटिमीटरचा आकडा कुणी मोजून घातलेला नव्हता. तो आधीपासूनच तिथे भरलेला होता आणि कुणी बदलला नव्हता.

तुमच्या खड्ड्यात माती ओली, मुळं तपकिरी आणि बोटांनी ओढल्यावर साल सुटून येणारी निघाली, तर पाणी अजिबात देऊ नका, रोगतज्ज्ञाला झाड दाखवा. मुळं उथळ अडली असतील तर आज पाणी द्या आणि अ‍ॅपमध्ये मुळांची खोली दुरुस्त करा. मुळं खोल आहेत पण माती खालपर्यंत कोरडी आहे, असं निघालं तर नोंदलेलं पाणी आणि पोहोचलेलं पाणी यांत फरक आहे. ओळीच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली भांडी ठेवा. तासाला ४ लिटरचा ड्रिपर पंधरा मिनिटांत १ लिटर द्यायला हवा. शेवटच्या भांड्यात निम्मंच आलं तर उत्तर मिळालं.

मुळांची खोली, मातीचा प्रकार आणि ड्रिपरचा प्रवाह तुमच्या हाताने बदलता येत नसेल तर ते अ‍ॅप सोडून द्या. जे साधन आपण काय गृहीत धरलं ते दाखवत नाही, त्याच्या भरवशावर पीक ठेवू नये.

पैसे गुंतवायचे असतील तर माझा कल जमिनीत पुरायच्या साध्या सेन्सरकडे आहे. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेत रिचर्ड स्टिर्झाकर यांच्या गटाने ‘कॅमेलिअन’ नावाचं साधन तयार केलं. वेगवेगळ्या खोलीवर सेन्सर, आणि प्रत्येक खोलीसाठी एक दिवा. निळा म्हणजे ओलं, हिरवा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे कोरडं. मुळाला पाणी ओढायला किती जोर लावावा लागतोय ते रंगातून कळतं, मातीचा प्रकार भरायची गरज पडत नाही. मोझांबिक, टांझानिया आणि झिम्बाब्वेतल्या छोट्या शेतकऱ्यांच्या सिंचन योजनांमध्ये हे दिवे पाहून लोकांनी पाण्याच्या पाळ्या कमी केल्या. जास्तीच्या पाण्याबरोबर नत्र मुळांच्या खाली वाहून जातं, तेही त्यामुळे शेतात राहिलं.

प्रश्न : आमचा चाळीस शेतकऱ्यांचा गट आहे. चार हंगाम झाले, व्हॉट्सअ‍ॅपवर रोज फोटो, सल्ले, अनुभव टाकतो. माहिती भरपूर जमली, पण गरज पडते तेव्हा काहीच सापडत नाही. दरवर्षी तेच प्रश्न नव्याने विचारले जातात. हे ज्ञान नीट साठवायचं कसं?

तुमच्या गटात जाऊन ‘केवडा’ हा एक शब्द शोधा. काय मिळेल ते मी इथूनच सांगते. द्राक्षवाला केवडा म्हणतो तेव्हा त्याला पानाखाली पांढरी बुरशी दिसत असते. भेंडीवाला किंवा मूगवाला केवडा म्हणतो तेव्हा पान पिवळं पडलेलं असतं. तो विषाणू आहे आणि पांढरी माशी तो पसरवते. एकावरचं बुरशीनाशक दुसऱ्यावर मारलं तर पैसा गेला, आणि विषाणू जागच्या जागी. ‘करपा’ तर त्याहून वाईट. भात, कांदा, बटाटा, प्रत्येकाचा करपा वेगळा, आणि बटाट्यात तर लवकर येणारा नि उशिरा येणारा हे दोन अगदी वेगळे रोग. चाळीस जण एकच शब्द वापरतात आणि प्रत्येकाच्या मनात दुसरंच काहीतरी असतं. तुमचं शोधणं अडतं ते इथे.

जगभरात ही अडचण आहे. म्हणूनच अन्न व कृषी संघटना १९८० च्या दशकापासून ‘अ‍ॅग्रोव्हॉक’ नावाचा बहुभाषी शब्दसंग्रह चालवते. त्यात प्रत्येक कल्पनेला एक ओळख दिलेली असते आणि निरनिराळ्या भाषांतली तिची नावं त्या ओळखीला जोडलेली असतात. तुम्हाला एवढं मोठं काही नको. दोनशे पानी वही घ्या किंवा एक तक्ता करा. पीक, तुमच्यात चालणारं नाव, कशामुळे होतं (बुरशी, जिवाणू, विषाणू, कीड, अन्नद्रव्याची कमतरता) आणि एक स्वच्छ फोटो. चाळीस-पन्नास ओळींत काम होईल. पुढे कुणी ‘केवडा’ लिहिलं की ‘भेंडी केवडा’ असं पूर्ण लिहायचं, एवढा नियम पाळा.

आता नोंदीबद्दल. तुमच्या पत्रासोबतच्या नमुन्यांत बहुतेक संदेश ‘हे मारा, मस्त रिझल्ट’ अशा घाटाचे आहेत. तो निकाल झाला. नोंदीत आधी काय दिसलं ते हवं. तारीख, कुणाचा कोणता तुकडा, पीक किती दिवसांचं, किती झाडं पाहिली, त्यांतल्या किती झाडांवर काय दिसलं, काय केलं, का केलं आणि दहा दिवसांनी काय झालं. यातला ‘का’ सगळ्यात आधी हरवतो, आणि दोन वर्षांनी तोच सगळ्यात जास्त लागतो. ‘फवारणी केली’ एवढंच वाचून पुढचा माणूस काय शिकणार? ‘वीसपैकी सात झाडांवर अळी, किडी खाणारा लेडीबर्ड भुंगा कुठेच नाही, दोन दिवस पाऊस नसणार होता म्हणून केली’ असं असेल तर तो आपल्या शेताशी ताडून पाहू शकतो.

आणखी दोन गोष्टींबद्दल मी आग्रही आहे. पहिली, शून्य लिहा. वीस झाडं पाहिली आणि अळी दिसली नाही तर ‘०’ लिहा. रकाना रिकामा ठेवला तर पुढे कळत नाही की अळी नव्हती की कुणी पाहिलंच नव्हतं. किडी मोजण्याच्या माझ्या पहिल्या हंगामात मी सगळे शून्य गाळले, वेळ वाचावा म्हणून. हंगामाच्या शेवटी आकडे मांडले तर प्रत्येक शेत किडीने भरलेलं दिसायला लागलं. पूर्ण हंगामाच्या नोंदी टाकून द्याव्या लागल्या. दुसरी, काहीच न केलेली एक पट्टी ठेवा. गटातल्या तीन-चार जणांनी चार ओळी न फवारता सोडल्या तरी पुरे. ती पट्टी नसेल तर कीड औषधाने गेली की पावसाने, की तिची वेळ संपली म्हणून गेली, हे कुणालाच सांगता येणार नाही.

व्हॉट्सअ‍ॅप गप्पांसाठी राहू द्या. आठवड्यातून एकदा त्यातल्या कामाच्या नोंदी तक्त्यात उतरवायचं काम मात्र एका ठरावीक माणसाकडे द्या, आणि त्या कामाचा मोबदला द्या. सगळ्यांचं काम म्हटलं की ते कुणाचंच राहत नाही.

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. हवामान आणि फोटोंवरून कीड-रोगाचा इशारा देणारं अ‍ॅप बनवलं. अचूकता चांगली आहे. पण शेतकरी पंधरा दिवसांत अ‍ॅप काढून टाकतात. त्यांना तंत्रज्ञान समजत नाही का?

त्यांना चांगलं समजतं. तुमच्या अ‍ॅपचा निरोप मी पाहिला: ‘धोका : जास्त. फवारणी करा.’ माझ्या हातात पंप असता तर मीही थांबले असते. हा निष्कर्ष कशावरून काढला ते निरोपात कुठेच नाही.

रोगाच्या अंदाजाचा एक जुना धागा सांगते. ब्रिटनमध्ये बटाट्याच्या उशिरा येणाऱ्या करप्यासाठी १९४७ मध्ये ब्यूमाँट यांचा नियम आला, १९५६ मध्ये स्मिथ यांचा. स्मिथचा नियम असा: सलग दोन दिवस किमान तापमान १० अंश किंवा वर, आणि दोन्ही दिवशी निदान ११ तास आर्द्रता ९० टक्के किंवा जास्त, तर धोका. साठ वर्षं तो चालला. मग रोग प्रत्यक्ष कुठे आणि केव्हा दिसला याच्या बऱ्याच वर्षांच्या नोंदी त्या नियमाशी ताडून पाहिल्या, तेव्हा पुष्कळ ठिकाणी इशारा न मिळताच रोग आल्याचं दिसलं. २०१७ मध्ये ‘हटन निकष’ आले. त्यांत तापमान तेच राहिलं, ११ तासांचे ६ तास झाले. हा बदल घडला तो शेतात जाऊन ‘इथे रोग आला’ असं कुणीतरी वर्षानुवर्षं लिहून ठेवलं म्हणून. तुमच्या अ‍ॅपमध्ये शेतकऱ्याने ‘तुमचा इशारा चुकला’ असं कळवायची जागा आहे का? मला दिसली नाही.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण तुम्ही तिच्या अगदी जवळ आहात. पानं किती तास ओली राहतात ते मोजणारा सेन्सर आमच्या गटाने एका इमारतीच्या गच्चीवर लावला. तिथे वीज होती, चोरीची भीती नव्हती. गच्ची दिवसभर तापायची आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहायची, त्यामुळे सेन्सरवर दव धरायचंच नाही. शेतात सकाळी नऊ वाजेपर्यंत पानांवरून पाणी ठिबकत होतं आणि आमच्या तक्त्यात रात्र कोरडी. ‘धोका नाही’ हा निरोप मीच पाठवला होता. चौथ्या दिवशी एका शेतकऱ्याने फोन केला. त्याच्या बटाट्याच्या पानांवर काळपट डाग आणि कडेला पांढरी लव आली होती. रागावला नाही. एवढंच विचारलं, ‘ताई, तुमचा सेन्सर कुठं आहे ते सांगाल का?’ आकडेमोडीत एकही चूक नव्हती. सेन्सरची जागा चुकली होती. त्या दिवसापासून प्रत्येक निरोपात सेन्सर कुठे आहे आणि त्याने किती तास ओल मोजली, हे लिहायला लागले.

दुसरं, तुमची आर्थिक नुकसान पातळी, म्हणजे किती किडी झाल्या की फवारणी परवडते तो आकडा. तुम्ही ती कायमची एकच ठेवली आहे. ही कल्पना १९५९ मध्ये स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या कॅलिफोर्नियातल्या चार कीटकशास्त्रज्ञांनी मांडली. तिच्या मुळाशी साधा विचार आहे: फवारणीचा खर्च आणि त्यामुळे वाचणारं उत्पन्न जिथे सारखं होतं, ती पातळी. म्हणजे पिकाचा भाव निम्म्यावर आला आणि बाकी सगळं तेच राहिलं, तर पातळी दुप्पट होते. खर्च वाढला तरी ती वर जाते. आणि फवारणी पातळी गाठल्यावर करायची नसते, कीड तिथे पोहोचण्याच्या जरा आधी करायची, म्हणून त्याखाली एक वेगळा इशाऱ्याचा आकडा ठेवतात. भाव शेतकऱ्याला भरू द्या. गणित त्याच्यासमोर उलगडून दाखवा.

‘अचूकता’ हा शब्दही तपासा. नसलेल्या रोगाचा इशारा दिला तर एक फवारणी वाया गेली, आणि जमिनीत, पाण्यात, मित्रकिडींवर विष गेलं. असलेला रोग हुकला तर पीक गेलं. ही दोन नुकसानं सारखी नाहीत, पण तुमच्या टक्केवारीत ती एकाच मापाने मोजली आहेत.

लोक अ‍ॅप काढून टाकतात याचं एवढं वाईट वाटून घेऊ नका. त्याला एक चांगली बाजूही असते. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस गव्हाच्या रोग-किडींसाठी ‘एपिप्रे’ नावाची पद्धत सुरू झाली. शेतकरी स्वतः शेतात जाऊन मोजायचे, आकडे पोस्टाने केंद्राकडे पाठवायचे, तिथला संगणक हिशेब करायचा आणि सल्ला पोस्टाने परत यायचा. काही हंगामांनी कितीतरी शेतकऱ्यांनी ती सोडली, कारण केव्हा फवारायचं आणि केव्हा थांबायचं हे त्यांना स्वतःलाच कळायला लागलं होतं. तुमचं अ‍ॅप सोडणाऱ्या दहा जणांना भेटा आणि विचारा, शिकून सोडलं की कंटाळून. पंधरा दिवसांत शिकून कुणी जात नाही, हेही मनात असू द्या.

प्रश्न : एक कंपनी फुकट सल्ला देते. त्या बदल्यात शेताचा नकाशा, पेरणी, खत, उत्पादन सगळं मागते. द्यावं का?

देण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा. माझ्या नोंदी मला माझ्या तक्त्यात उतरवून घेता येतील का? त्या आणखी कुणाला देणार, विशेषतः खत-औषध विकणाऱ्यांना आणि विमा किंवा कर्ज देणाऱ्यांना? मी सेवा सोडली तर त्यांचं काय होणार? उत्तर गोलमोल आलं तर देऊ नका. आणि सल्ला देणारा नि औषध विकणारा एकच असेल, तर ‘फवारणी नको’ असा सल्ला त्याने हंगामात कितीदा दिला ते मोजा.

प्रश्न : माझे सासरे मूठभर माती दाबून सांगतात, आज पाणी द्या किंवा नको. चाळीस वर्षं त्यांचं चुकलेलं मी पाहिलं नाही. आता मुलाने सेन्सर बसवला, तो म्हणतो आता आजोबांना विचारायची गरज नाही. सासरे गप्प बसले आहेत. मला दोघांचंही पटतं. काय करू?

पहिल्यांदा मुलाला हे सांगा की मूठभर माती दाबून ओल ओळखणं ही मान्य पद्धत आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने त्यावर फोटोंसकट मार्गदर्शिका काढली आहे: कोणत्या पोताच्या मातीचा गोळा किती ओलीला बनतो, केव्हा फुटतो, बोटांवर डाग केव्हा पडतो. सासऱ्यांच्या हातात ते सगळं आहे आणि वर तुमच्याच जमिनीचा चाळीस वर्षांचा सराव.

सेन्सरलाही नावं ठेवू नका. तो एका जागी पुरलेला आहे, पण रात्री बाराला आणि सासरे आजारी असतानाही वाचतो. सासरे शेतात दहा ठिकाणी वाकतात, पण त्यांच्या बोटांतलं अजून कुठेच लिहिलेलं नाही.

एक हंगाम दोघांना एकत्र काम द्या. सासरे माती दाबतील तेव्हा मुलाने आधी त्यांचं मत लिहायचं, मग सेन्सरचा आकडा पाहायचा. हा क्रम उलटा करू नका. आकडा आधी कळला की कुणाचाही हात त्याच्याकडे झुकतो. किती खोलीवरची माती घेतली, गोळा कसा झाला, बोटाला काय लागलं, आणि ते ‘द्या’ म्हणाले की ‘नको’. तीस-चाळीस नोंदी झाल्या की सेन्सरचा कोणता आकडा त्यांच्या ‘द्या’शी जुळतो ते दिसेल. मुलाला मग तोच आकडा इशारा म्हणून लावता येईल. जिथे दोघांचं जुळत नाही ते दिवस वेगळे काढा. सेन्सर वाळूच्या पट्ट्यात पुरला गेलाय किंवा त्याच्याभोवती पोकळी राहिली आहे, हे अशाच दिवसांतून कळतं.

एक विनंती. सासऱ्यांना घरात खुर्चीवर बसवून ‘तुम्ही कसं ओळखता?’ असं विचारू नका, त्यांना सांगता येणार नाही. हाताने शिकलेलं तोंडाने बसल्या जागी येत नाही. त्यांना वाफ्यात घेऊन जा, माती हातात असताना विचारा, ‘आत्ता नको म्हणालात. काय लागलं असतं तर द्या म्हणाला असता?’ मोबाइलमध्ये त्यांचा आवाज आणि त्यांच्या मुठीचा व्हिडिओ, दोन्ही घ्या. ते थोडा वेळ बोलणार नाहीत, माती पुन्हा एकदा दाबतील. घाई करू नका, मोबाइल चालू ठेवा.